देणगीत आलेलं मॉड्यूल घ्यावं का? ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी म्हण आहे. फुकट मिळालं त्याला नावं ठेवू नयेत, एवढाच तिचा रोख. सॉफ्टवेअरमध्ये मात्र, बाहेरच्या कुणी तयार मॉड्यूल (कोडचा एक स्वतंत्र भाग) तुमच्या प्रकल्पाला देऊ केलं, तर दात मोजूनच गाय गोठ्यात बांधावी. चारा रोज तुम्हालाच घालायचा असतो, आणि पुढे ती बाहेर काढायची वेळ आली की गावभर बोंब होते ती वेगळीच.

खालची उदाहरणं बहुतेक लिनक्स कर्नल (लिनक्स प्रणालीचा गाभा), पायथन ही भाषा आणि तिच्यात वेबसाइट बांधायची चौकट जँगो यांची आहेत. तिथले वाद उघड्यावर झाले, त्यामुळे कोण का ‘हो’ म्हणालं आणि पुढे काय झालं हे तपासता येतं. तुमचा प्रकल्प तीन माणसांचा असला तरी प्रश्न तेच राहतात, फक्त आकडे लहान होतात.

कोड तयार आहे, चालतो, टेस्टही लिहिलेल्या आहेत. मग अडचण कसली?

कोड लिहून झाला म्हणजे थोडंच काम झालं. पुढे भाषेची नवी आवृत्ती येते, एखादी लायब्ररी बदलते, कुणाच्या तरी जुन्या मशीनवर काहीतरी अडतं, सुरक्षेतलं भोक सापडतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. आणि मॉड्यूल तुमच्या नावाखाली आलं की तक्रार घेऊन लोक तुमच्याकडे येतात. मूळ कोड कुणी दिला होता हे त्यांना माहीतही नसतं, आणि त्यांनी ते माहीत करून का घ्यावं?

सगळ्यात आधी काय बघायचं?

देणारा माणूस. कोड नंतर.

लिनक्स कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक भलीमोठी फाइल आहे. कुठला भाग कोण सांभाळतं याची ती वही. प्रत्येक नोंदीत ‘एस’ अक्षराने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्यात ठरलेल्या शब्दांपैकी एक लिहायचा असतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे या कामाचा कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी खरोखर लक्ष घालतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे नावापुरता माणूस आहे, सवड मिळेल तसं बघतो. ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नाही. ‘ऑब्सोलिट’ म्हणजे वापरूच नका, याहून बरं दुसरं काहीतरी आलंय.

देणाऱ्याला सरळ विचारा: तुमच्या मॉड्यूलपुढे आज यातला कुठला शब्द लिहू? आणि दोन वर्षांनी कुठला असेल? उत्तर देताना माणूस अडखळला तर तेही एक उत्तरच आहे.

मग त्याच्या जुन्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या जागी, जाऊन बसा. सगळे कमिट (नोंदवलेले बदल) एकाच नावाचे आहेत का? सगळ्यात जुनी अनुत्तरित तक्रार केव्हाची आहे? बाहेरच्या कुणी पॅच (कोडमधला बदल) पाठवला तेव्हा त्याचं काय झालं? स्वतःच्या घरी जो दोन-दोन महिने उत्तर देत नाही, तो तुमच्याकडे आल्यावर रोज हजेरी लावेल अशी आशा धरू नये. याच तपासात आणखी एक गोष्ट कळते: दुसऱ्याने आपल्या कोडला हात लावलेला त्याला चालतो का? देणगी दिल्यावर तो कोड त्याचा एकट्याचा राहत नाही, आणि हे अनेकांना मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, झाल्यानंतर उमगतं.

मोठी कंपनी देते आहे. मग तरी काळजी नाही ना?

कंपनीकडे पैसा असतो, पण लक्ष दुसरीकडे वळायलाही तिथे वेळ लागत नाही. तीन किस्से बघा.

जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या हायपर-व्ही या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर लिनक्स नीट चालावं यासाठी सुमारे २०,००० ओळींचे ड्रायव्हर जीपीएल-२ या ओपन सोर्स लायसन्सखाली दिले. बातमी जगभर गाजली. दोन महिन्यांत त्या भागाच्या मेंटेनरला जाहीरपणे सांगावं लागलं की कंपनीचे लोक उत्तरं देत नाहीत, असंच चाललं तर कोड काढून टाकू. मग मात्र काम सुरू झालं. २०११ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत सर्वाधिक बदल पाठवणारा माणूस मायक्रोसॉफ्टचा होता, आणि ते सगळे याच ड्रायव्हरच्या साफसफाईचे बदल होते.

अँड्रॉइडचे ड्रायव्हर कर्नलच्या ‘स्टेजिंग’ (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या) विभागात आले, पण त्यांची निगा राखायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून २०१० मधल्या २.६.३३ आवृत्तीत ते काढले गेले. २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत परत आले.

तिसरा किस्सा पॅरागॉन कंपनीचा. विंडोजच्या डिस्क लिनक्सवर वाचण्या-लिहिण्याचा ड्रायव्हर ही कंपनी आधी पैसे घेऊन विकत असे. ऑगस्ट २०२० मध्ये तिने तो कर्नलला देऊ केला. वर्षभर सुधारणा झाल्यावर ५.१५ आवृत्तीत तो आत आला. एप्रिल २०२२ उजाडेपर्यंत कर्नलवाल्यांत प्रश्न विचारला जाऊ लागला की याला वाली उरला आहे का? नंतर कंपनीकडून दुरुस्त्या पुन्हा येऊ लागल्या, पण मधले महिने वापरणाऱ्यांनी जीव मुठीत धरून काढले. फाइलसिस्टिम म्हणजे लोकांचा डेटा, तिथे असली शांतता परवडत नाही.

यातून मी एक कसोटी वापरतो: हे मॉड्यूल बिघडलं तर देणाऱ्या कंपनीचं स्वतःचं काही अडतं का? लिनक्स हायपर-व्हीवर चाललं नाही तर मायक्रोसॉफ्टचे ग्राहक नाराज होतात, म्हणून त्यांना टिकून राहावंच लागलं. कंपनी जे उत्पादन बंद करते आहे त्याचा कोड ‘समाजाला अर्पण’ होत असेल, तर त्या समारंभाला जावं, चहा प्यावा आणि कोड न घेता परत यावं.

एकदम प्रचंड पॅच आला तर?

परत पाठवा, तुकडे करून मागा. पॅरागॉनचा पहिला पॅच सुमारे २७,००० ओळींचा होता आणि एकाच घासात आला होता. कुणीही वाचू शकत नाही, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. पुढच्या खेपांत तो भागांमध्ये विभागून आला आणि मर्ज होईपर्यंत पंचवीसहून जास्त आवृत्त्या झाल्या. एवढ्या फेऱ्यांत कोड सुधारतो हे तर झालंच, पण देणाऱ्याची चिकाटीही कळते. न वाचता घेतलेला कोड तुमच्याकडे आहे असं म्हणता येत नाही, तो फक्त तुमच्या डिस्कवर आहे.

आत घ्यायचं की बाहेर स्वतंत्र पॅकेज म्हणून राहू द्यायचं?

खरा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बहुतेक वेळा ‘बाहेर’ असं असतं. देणाऱ्याला तो अपमान वाटतो, म्हणून कारणं नीट सांगावी लागतात.

पहिलं कारण वेळापत्रक. पायथनमध्ये २०१५ च्या सुमारास ‘रिक्वेस्ट्स’ ही इंटरनेटवरून माहिती मागवणारी लायब्ररी भाषेच्या प्रमाण संचात (भाषेसोबतच मिळणाऱ्या मॉड्यूलांत) घ्यावी का यावर चर्चा झाली. इतकी लोकप्रिय लायब्ररी, नाही म्हणायला कारण काय? कारण असं की सुरक्षेची दुरुस्ती किंवा प्रमाणपत्रांची नवी यादी तिला आज हवी तर आज बाहेर काढता येते. भाषेच्या आत गेली की भाषेच्या रिलीजची वाट बघत बसायची. ती बाहेरच राहिली आणि तिचं काही वाकडं झालं नाही. प्रमाण संचात गेलेलं मॉड्यूल तिथे मरायलाच जातं, असं पायथनवाले गमतीने म्हणतात. गंमत थोडी कडू आहे, पण खोटी नाही.

दुसरं कारण, तपासणार कोण? जँगोमध्ये पूर्वी ‘लोकलफ्लेवर’ नावाचा भाग होता. त्यात देशोदेशीचे फॉर्म: आपला सहा आकडी पिन कोड बरोबर आहे का, राज्यांची यादी, असं सगळं. प्रत्येक देशातल्या हौशी मंडळींनी आपापला तुकडा प्रेमाने दिलेला. पण दूरच्या एखाद्या देशातला ओळखपत्र क्रमांक बरोबर तपासला जातोय की नाही हे मुख्य चमूतल्या कुणी कसं सांगावं? आणि या गोष्टी जँगोच्या रिलीजला विचारून बदलत नाहीत. २०१४ मध्ये तेलंगण झालं, २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचं राज्यपद गेलं. यादी मुख्य प्रकल्पात असती तर तेवढ्यासाठी अख्ख्या फ्रेमवर्कच्या पुढच्या आवृत्तीकडे डोळे लावून बसावं लागलं असतं. सुदैवाने २०१३ मध्ये १.६ आवृत्तीपर्यंत हा भाग बाहेर काढून स्वतंत्र पॅकेज केलेला होता. मराठी प्रकल्पांना हे उदाहरण फार जवळचं आहे. पंचांग, तालुक्यांच्या याद्या, सातबाऱ्याचे नमुने असली मॉड्यूल देणारे उत्साही लोक आपल्याकडे भरपूर. त्यांना आधी वेगळं पॅकेज करायला सांगा.

तिसरं कारण नुसतं संख्येचं. सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या अँसिबलने वर्षानुवर्षं प्रत्येक मॉड्यूल एकाच रिपॉझिटरीत घेतलं. २.९ आवृत्तीपर्यंत त्यांची संख्या तीन हजारांवर गेली आणि मोजक्या मुख्य लोकांसमोर पॅचचा डोंगर साचला. शेवटी २०२० मध्ये २.१० आवृत्तीत बहुतेक सगळी मॉड्यूल ‘कलेक्शन’ म्हणून बाहेर काढली. आता ज्याचं त्याने सांभाळावं. हे विभाजन चांगलं होतं असं माझं मत, पण वापरणाऱ्यांना आपल्या जुन्या फाइल बदलत बसावं लागलं, तो त्रास आधीच ‘नाही’ म्हटलं असतं तर टळला असता.

मग आत घेण्याजोगं काही असतंच की नाही?

असतं. प्रकल्पाचे इतर भाग ज्याच्यावाचून अडतात, ज्याचं रूप आता स्थिर झालंय आणि ज्याच्या दोन-चार जणांनी वेगवेगळ्या नकला करून ठेवल्या आहेत, ते आत यावं.

पायथनची पॅकेजं आपली माहिती टॉमल नावाच्या साध्या मजकूर-स्वरूपात लिहू लागली, पण ते वाचण्याची सोय खुद्द पायथनमध्ये नव्हती. पॅकेज बसवणारं साधनच दुसऱ्या पॅकेजवर अवलंबून, असा पेच. म्हणून २०२२ मध्ये ३.११ आवृत्तीत ‘टॉमली’ या बाहेरच्या लायब्ररीवरून ‘टॉमललिब’ आत घेतलं. घेताना फक्त वाचण्याचा भाग घेतला, लिहिण्याचा नाही, कारण लिहिताना मांडणी, टिपा, रकाने कसे ठेवायचे यावर दहा जणांची दहा मतं. अर्धंच घेणं हा पर्याय लोक विसरतात.

दुसरा विसरला जाणारा पर्याय म्हणजे कल्पना घ्यायची आणि कोड नव्याने लिहायचा. जँगोत डेटाबेसचे बदल सांभाळायला ‘साऊथ’ हे बाहेरचं साधन जो तो वापरत होता. २०१४ मध्ये १.७ आवृत्तीत ही सोय आत आली तेव्हा साऊथ उचलून ठेवलं नाही. त्याच्याच लेखकाने, जुन्या चुका ध्यानात ठेवून, लोकवर्गणीच्या पैशावर सगळं पुन्हा लिहिलं.

‘आधी काही दिवस ठेवून बघू’ असं करता येतं का?

येतं, आणि करावंही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘कॉन्ट्रिब’ नावाची ओसरी आहे. आपोआप साफसफाई करणारं ऑटोव्हॅक्यूम आधी तिथे होतं, २००५ मध्ये ८.१ आवृत्तीत मुख्य घरात आलं. मजकूर-शोधाची सोयही अशीच ओसरीवरून ८.३ मध्ये आत गेली. पायथनने ‘असिंकआयओ’ हे अनेक कामं एकत्र हाताळणारं मॉड्यूल २०१४ मध्ये घेतलं तेव्हा त्यावर ‘हंगामी’ अशी पाटी होती, म्हणजे रूप बदललं तर ओरडू नका. पाटी ३.६ मध्ये काढली.

एक अट मात्र घाला: मुदत. कर्नलच्या स्टेजिंगमध्ये महासंगणकांसाठीची लस्टर ही फाइलसिस्टिम २०१३ मध्ये आली. पाच वर्षांनी, ४.१८ आवृत्तीत, ती काढून टाकली. कारण खरं काम बाहेरच्या वेगळ्या रिपॉझिटरीत चालू होतं आणि कर्नलमधली प्रत त्याच्या मागे फरफटत होती. दोन ठिकाणी संसार थाटलेलं मॉड्यूल ओळखायची ही चांगली खूण आहे. नवी सोय आधी कुठे येते, तुमच्याकडे की त्यांच्याकडे? त्यांच्याकडे येत असेल तर तुम्हाला मिळाली आहे ती फक्त प्रत.

लायसन्स ओपन सोर्स आहे, मग कागदपत्रं कशाला?

कारण दोन ओपन सोर्स लायसन्स एकमेकांशी जुळतीलच असं नाही. सन कंपनीने झेडएफएस २००५ मध्ये सीडीडीएल या लायसन्सखाली खुली केली. उत्तम फाइलसिस्टिम, पण जीपीएल-२ च्या कर्नलमध्ये ती आजही नाही, बाहेरचं मॉड्यूल म्हणून चालते. अपाची-२ या लायसन्सखालचा कोड जीपीएल-३ च्या प्रकल्पात चालतो, फक्त जीपीएल-२ असलेल्या प्रकल्पात चालत नाही.

शिवाय देणाऱ्याला देण्याचा हक्क आहे का, हाही प्रश्न असतो. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर लिनक्समधल्या कोडवरून दावा ठोकला. त्यानंतर २००४ पासून कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ सक्तीची झाली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी. लहान प्रकल्पाला एवढं पुरतं. अपाची फाउंडेशन बाहेर तयार झालेला मोठा कोड घेताना वेगळा लेखी अनुदान-करार मागतं. ओरॅकलने २०१६ मध्ये अपाचीला नेटबीन्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन देऊ केलं तेव्हा कोड एकदम आला नाही, तपासून टप्प्याटप्प्याने आला, आणि प्रकल्प पूर्ण दर्जाचा व्हायला एप्रिल २०१९ उजाडला.

देणारा इथला नोकरदार किंवा विद्यार्थी असेल तर?

तर जरा थांबा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते, आणि कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हिंजवडीतल्या एखाद्या मुलाने रात्री जागून लिहिलं, हे खरं असलं तरी त्याच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला सांगा. शक्य असेल तर कंपनीकडून दोन ओळींची ईमेल घ्या. कॉलेजच्या प्रोजेक्टला संस्थेचे स्वतःचे नियम असू शकतात.

आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही हक्क हस्तांतराचा कागद करून घेत असाल तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाला हे किती महागात पडेल ते सांगायला नको. म्हणूनच हस्तांतराच्या भानगडीत न पडता कोड तुमच्या लायसन्सखाली घ्यावा, हक्क त्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत, हे मला सोपं वाटतं. मोठ्या रकमेचा मामला असेल तर वकील गाठा.

एआयकडून लिहून घेतलेला कोड?

आधी धोरण ठरवा आणि लिहून ठेवा. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये असा कोड बंद केला, नेटबीएसडी या कार्यप्रणालीने त्यानंतर महिन्याभरात तो संशयित मानायचं ठरवलं. तुम्ही परवानगी दिलीत तरी एक प्रश्न सोडू नका: या फंक्शनमध्ये ही अट का आहे? उत्तर देणाऱ्यालाच येत नसेल तर ते मॉड्यूल सांभाळणारा अजून जन्माला यायचाय.

देणारा म्हणतो, मला मर्ज करण्याचे अधिकारही द्या.

एकदम देऊ नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्या खात्याने दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवत, रिलीज काढण्याचे अधिकार घेतले होते. एक विकसक लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय म्हणून खोलात शिरला, म्हणून ते उघडकीला आलं. प्रत्येक नवख्याकडे संशयाने बघा असं माझं म्हणणं नाही, तसं केलं तर मदतीला कुणी येणार नाही. फक्त अधिकार त्या मॉड्यूलपुरतेच ठेवा, आणि टेस्टसाठी म्हणून दिलेल्या न वाचता येणाऱ्या बायनरी फाइल आत घेऊ नका. एक्सझेडमधला माल अशाच फाइलींत लपवलेला होता.

निर्णय कुणी घ्यायचा?

जे सांभाळणार त्यांनी. मतदान करून इतरांच्या डोक्यावर काम टाकणं सोपं असतं. ‘घ्या’ म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी आपली नावं मेंटेनर म्हणून लिहून दिली, तरच घ्यायचं, एवढा नियम छोट्या प्रकल्पाला भरपूर झाला.

नाही कसं म्हणायचं? समोरचा दुखावतो.

उशीर केल्याने जास्त दुखावतो. सहा महिने ‘बघतो’ म्हणत राहण्यापेक्षा आठवड्यात असं काहीतरी लिहा:

‘नमस्कार. तुमचं मॉड्यूल आम्ही दोघांनी चालवून पाहिलं. काम चोख आहे, विशेषतः जुन्या फाइली वाचण्याचा भाग. तरीही आम्ही ते मुख्य प्रकल्पात घेत नाही आहोत, कारण हा विषय जाणणारं आमच्याकडे कुणी नाही आणि तुमच्या गैरहजेरीत आलेल्या तक्रारी आम्हाला सोडवता येणार नाहीत. ते तुमच्याच नावाने स्वतंत्र पॅकेज राहिलं तर आमच्या दस्तऐवजात त्याची लिंक देऊ. त्याला लागणारा हुक, म्हणजे जोडणीची सोय, पुढच्या आवृत्तीत देत आहोत. वर्षभराने तुमच्यासोबत आणखी कुणी सांभाळू लागलं, तर पुन्हा जरूर लिहा.’

कारण खरं लिहा. कोड वाईट असेल तर तसं सांगा, ‘सध्या वेळ नाही’ म्हणू नका, नाहीतर तो पुढच्या महिन्यात तोच कोड घेऊन हजर होईल.

आता घेऊन बसलोय, आणि देणारा फोनही उचलत नाही. काढायचं कसं?

हळूहळू आणि गाजावाजा करून. पायथनने जुनी १९ मॉड्यूल काढायचं ठरवलं, त्यात सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट अशी एकेकाळची मातब्बर नावं होती. प्रस्ताव २०१९ मध्ये चर्चेला आला, २०२२ मध्ये मंजूर झाला, त्याच वर्षी ३.११ पासून वापरणाऱ्यांना इशारे दिसू लागले आणि प्रत्यक्ष काढणं ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आवृत्तीत झालं. तुम्हाला पाच वर्षं लागणार नाहीत, पण निदान एक पूर्ण आवृत्ती इशाऱ्याची द्या.

इशाऱ्यात पुढचा मार्ग लिहा: कोड अमुक ठिकाणी वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवला आहे, ज्याला हवा त्याने सांभाळायला घ्यावा. इशारा दिसल्यावरच खरे वापरणारे पुढे येतात, आणि त्यांच्यातला एखादा ‘मी बघतो’ म्हणतो. तसं झालं तर इतिहासासकट रिपॉझिटरी त्याच्या हवाली करा, मूळ देणाऱ्याचं नाव कमिटमध्ये तसंच राहू द्या. कुणीच आलं नाही तर ठरलेल्या आवृत्तीत काढून टाका, आणि रिलीजच्या नोंदीत ती ओळ वरती लिहा, तळाशी नको.